अकॅन्थसचं पान आणि दाईची टोपली

ग्रीक खांब तीन प्रकारचे - डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन. 'जोड्या जुळवा' या प्रश्नासाठी हे त्रिकूट फार सोयीचं. डोरिकसमोर 'साधा', आयोनिकसमोर 'वेटोळी', कोरिंथियनसमोर 'पानांची नक्षी'. तीन गुण मिळाले, की पुढचा प्रश्न! पण ही पानं कसली, ती खांबाच्या डोक्यावर जाऊन का बसली, आणि अडीच हजार वर्षं तिथून खाली का उतरली नाहीत, हे कुणी विचारत नाही. अभ्यासक्रमात ते बसतही नाही. निवृत्तीनंतर मात्र अशा अभ्यासक्रमात न बसणाऱ्या गोष्टींसाठी वेळच वेळ असतो. तर आज या पानाविषयी थोडं.

हे पान अकॅन्थस नावाच्या झाडाचं. झाड म्हणजे काय, भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पडीक जागेत, दगडधोंड्यांत उगवणारं एक झुडूप. पानं मोठी, कातरलेली, जमिनीलगत गुच्छाने येणारी. ग्रीक भाषेत 'अकान्था' म्हणजे काटा, त्यावरून हे नाव. याच्या दोन जाती या संदर्भात नेहमी सांगतात - एक काटेरी, टोकदार पानांची, आणि दुसरी मऊ, रुंद पानांची. ग्रीक कारागिरांचं पान पहिल्या जातीसारखं दिसतं आणि रोमनांचं दुसऱ्या जातीसारखं.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुतज्ज्ञाने बांधकामावर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या चौथ्या खंडात ही गोष्ट येते. कोरिंथ शहरातली एक मुलगी, लग्नाच्या वयाची, आजारी पडून वारली. तिला लहानाचं मोठं केलेल्या दाईने मुलीच्या आवडीच्या छोट्या छोट्या वस्तू, पेले वगैरे गोळा केले, एका टोपलीत भरले आणि टोपली तिच्या थडग्यावर नेऊन ठेवली. उघड्यावर त्या वस्तू टिकाव्यात म्हणून वर एक कौल झाकलं. टोपली नेमकी एका अकॅन्थसच्या मुळावर ठेवली गेली होती. वसंतात त्याला पालवी फुटली, पानं टोपलीच्या कडेने वर चढली, कौलाच्या कोपऱ्यांना अडली आणि बाहेरच्या बाजूला वळली. तिथून कॅलिमाकस नावाचा शिल्पी चालला होता. त्याने ते पाहिलं, त्याला ते आवडलं, आणि त्याने कोरिंथकरांसाठी त्या धर्तीवर खांब घडवले. प्रमाणंही ठरवून दिली.

ही गोष्ट शेकडो पुस्तकांत आहे. चित्रंही आहेत: टोपली, पानं आणि वहीत टिपण घेणारा कॅलिमाकस. दाई कुठे आहे? बहुतेक चित्रांत ती नाहीच! मला ही गोष्ट वाचताना दर वेळी हेच खटकतं. व्हिट्रुव्हियसच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा तर या रचनेतली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दाईने केलेली आहे. टोपली तिची, जागा तिने निवडलेली, कौल तिने ठेवलेलं. पान वळलं ते कौलामुळे. कौल नसतं तर पान सरळ वर गेलं असतं आणि खांबाच्या चार कोपऱ्यांवरची ती वेटोळी जन्मालाच आली नसती. कॅलिमाकसने ते पाहिलं, आणि पाहणं ही काही लहान गोष्ट नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्याचं नाव राहिलं, आणि दाईचंच काय, त्या मुलीचंही नाव गोष्टीत नाही.

इथे इतिहासाचे अभ्यासक लगेच म्हणतील, की बाई, ती गोष्ट खरी थोडीच आहे! बरोबर आहे. कॅलिमाकस ही व्यक्ती खरी. तो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या शेवटी होऊन गेला. पॉसेनिअस या ग्रीक प्रवाशाने नोंदवलंय, की दगडाला गिरमिटाने आरपार भोक पाडणारा तो पहिला, आणि अथेन्सच्या एरेक्थिअन मंदिरातला सोन्याचा दिवा त्याने केला होता. काम इतकं बारीक करायचा, की प्लिनी म्हणतो, अती मेहनतीनेच त्याची कामं बिघडत. पण व्हिट्रुव्हियस लिहीत होता तो त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. चारशे वर्षांत गोष्टीला किती पालवी फुटते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

या गोष्टीवर सगळ्यात मोठा घाव घातला तो अलोइस रीगल या व्हिएन्नाच्या माणसाने. तिथल्या संग्रहालयात तो कापडचोपड आणि गालिचे सांभाळायचा. गालिच्यांवरच्या वेलबुट्ट्या बघत बघत तो मागे मागे गेला आणि १८९३ साली त्याने एक ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की अकॅन्थस हे कुणी झाडाकडे बघून काढलेलं पानच नाही. त्याच्या आधी कितीतरी शतकं इजिप्त, पश्चिम आशिया आणि ग्रीस इथे एक पंख्यासारखी नक्षी चालत आलेली होती. तीच नक्षी सपाट चित्रातून उचलून दगडात कोरताना तिला उठाव आला, दाते आले, आणि मग कुणाला तरी ती अकॅन्थससारखी वाटली. म्हणजे आधी नक्षी आणि मग झाड! सगळ्यात जुन्या नमुन्यांत या झाडाची खास लक्षणं दिसतच नाहीत, हा त्याचा पुरावा.

रीगलचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं. नक्षी नक्षीतूनच जन्मते, हे आपल्याला रांगोळीवरून ठाऊक आहेच. कमळ काढणारी बाई तळ्यावर जाऊन कमळ बघून येत नाही, आईने काढलेलं कमळ बघते. पण म्हणून व्हिट्रुव्हियसची गोष्ट फेकून द्यायला मी तयार नाही. कारण एक गोष्ट त्यात शंभर टक्के खरी आहे - थडगं. पाचव्या शतकात अथेन्समध्ये मृतांसोबत ठेवायचे तेलाचे पांढरे कुंभ असत. त्यांवर थडग्यांची चित्रं आहेत, आणि त्यांतल्या काही थडग्यांच्या शिळांच्या माथ्यावर अकॅन्थसची पानं काढलेली आहेत. खांबाच्या डोक्यावर जाण्याच्या सुमारालाच हे पान मेलेल्या माणसांच्या सोबतीला होतं. दाईची गोष्ट रचणाऱ्याने कोरिंथ हे गाव कदाचित कल्पनेने घातलं असेल, पण स्मशानातलं दुःख कल्पनेने घातलेलं नाही. आपल्याकडे सगळीकडे ही गोष्ट 'रंजक दंतकथा' म्हणून एका ओळीत उडवतात, ते मला योग्य वाटत नाही.

आता खांबाकडे येऊ. पानं खांबाच्या डोक्यावरच का? पायाशी का नाहीत? कारण अगदी व्यवहारी आहे. खांब गोल असतो आणि त्यावर येणारी तुळई सरळ, चौकोनी. गोलावरून चौकोनावर जायचं कसं, हा जगातल्या प्रत्येक पाथरवटाचा प्रश्न. डोरिकने मध्ये एक उशी दिली आणि वर चौकोनी पाट ठेवला. आयोनिकने दोन बाजूंना वेटोळी दिली, पण ती समोरून वेगळी दिसतात आणि कडेने वेगळी, त्यामुळे इमारतीच्या कोपऱ्यावरच्या खांबाला कुठलं तोंड द्यायचं, ही पंचाईत. कोरिंथियनने ही पंचाईतच संपवली. घंटेसारखा उलटा आकार, त्याला खालून आठ पानांची एक रांग, तिच्या फटींतून वर डोकावणारी आणखी आठ पानांची दुसरी रांग, त्यातून निघून चारी कोपऱ्यांना टेकणारी वेटोळी. चारी बाजूंनी सारखंच! आणि गोल कुठे संपला आणि चौकोन कुठे सुरू झाला, ते पानांच्या गर्दीत कळतच नाही. वेरूळला ज्यांनी खांबांवरचे घटपल्लव निरखून पाहिलेत, भरलेल्या घटातून बाहेर ओसंडणारी पानं, त्यांना हे चटकन समजेल. दोघांचं कूळ एक, असं मी म्हणत नाही. एवढंच, की प्रश्न सारखा पडला, की पाथरवटाला पानच आठवतं.

आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जुनं कोरिंथियन शीर्ष बासे इथल्या अपोलोच्या मंदिरातलं, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतलं. डोंगरातल्या या एकाकी देवळात बाहेर डोरिक खांब, आत आयोनिक, आणि आतल्या टोकाला मधोमध पानांचा खांब. १८११-१२ साली तिथे खणणाऱ्या युरोपीय मंडळींनी त्याची रेखाटनं केली म्हणून आपल्याला तो कळतो. मूळ शीर्षाचे आता तुकडेच उरलेत. पुढचा टप्पा एपिडॉरसचा. आजाऱ्यांना बरं करणाऱ्या अ‍ॅस्क्लिपिअस देवाचं हे क्षेत्र. तिथल्या गोल इमारतीत आतल्या बाजूला चौदा कोरिंथियन खांब होते. उत्खनन करताना तिथे जमिनीत पुरलेलं एक अख्खं, सुबक शीर्ष सापडलं. ते नमुना म्हणून केलेलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. हे समोर ठेवा आणि अशी चौदा करा!

नमुन्यावरून आठवलं. एरेक्थिअन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब अथेन्सकरांनी दगडावर कोरून ठेवले होते, आणि त्यांतला बराच भाग आज वाचता येतो. इसवी सनापूर्वी ४०९ ते ४०६ या सुमाराचे. त्यात एक नोंद आहे - छताच्या चौकटींसाठी अकॅन्थसचा मेणाचा नमुना केल्याबद्दल अगाथानोर याला आठ द्राख्मा. कुशल कारागिराची रोजची मजुरी तेव्हा तिथे एक द्राख्मा असे, म्हणजे आठ दिवसांचे पैसे. ज्या शब्दांत त्याचा पत्ता दिलाय, त्यावरून तो अथेन्सचा नागरिक नव्हता, बाहेरून येऊन राहिलेला होता. त्याच हिशेबांत नागरिक, परके आणि गुलाम एकाच यादीत, एकाच मजुरीने लागलेले दिसतात.

मला हा अगाथानोर फार आवडतो. अकॅन्थसचं पान घडवणारा आणि खात्रीने नाव सांगता येईल असा हा सगळ्यात जुन्यांपैकी एक माणूस, आणि त्याचं नाव टिकवलं ते एका सरकारी कारकुनाने! याउलट अथेन्समध्येच लायसिक्रेटिसचं स्मारक बघा, इसवी सनापूर्वी ३३५-३४ सालचं. मुलांच्या गायनस्पर्धेत ज्याच्या खर्चाने चमू जिंकला त्या श्रीमंत गृहस्थाने बक्षिसाचा तिपाया मिरवायला उभारलेला हा नाजूक मनोरा. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला कोरिंथियन खांब आलेले दिसतात ते पहिल्यांदा इथे. त्याच्यावरच्या लेखात खर्च करणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या बापाचं आहे, मुलांना शिकवणाऱ्याचं आहे, पावा वाजवणाऱ्याचं आहे, त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याचं आहे. पानं कोरणाऱ्याचं तेवढं नाही.

रोमनांनी हे पान ग्रीकांकडून घेतलं आणि साम्राज्यभर लावलं. रोमनांवर 'नकलाकार' असा शिक्का मारायची पद्धत आहे. तो मारण्यापूर्वी त्यांनी ऑगस्टसच्या काळात उभारलेली शांतीची वेदी पाहावी, निदान चित्रात. हिचा संकल्प इसवी सनापूर्वी १३ साली झाला, लोकार्पण ९ साली. बाहेरच्या भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागात ऑगस्टसचं कुटुंब, अधिकारी, पुरोहित, सगळी सरकारी मिरवणूक. खालच्या अर्ध्या भागात अकॅन्थस! जमिनीतून एकच गड्डा निघतो आणि त्याच्या वेलांट्या भिंतभर पसरतात. एकाच वेलीला कितीतरी निरनिराळी फुलं येतात. वेलीत पाली आहेत, बेडूक आहेत, विंचू आहे, आणि एका ठिकाणी पिल्लांचं घरटं आणि त्याकडे निघालेला साप! वरची मिरवणूक हुकमावरून कोरलेली. खालचा बेडूक मात्र सम्राटाने सांगितला असेल असं मला काही वाटत नाही.

पुढचा प्रवास भराभर सांगते. कॉन्स्टँटिनोपलला हागिया सोफियात (५३२ ते ५३७) या पानाची जाळी झाली. गिरमिटाने इतकी खोल भोकं पाडली, की दगड लेससारखा दिसावा. थेस्सालोनिकीला काही शीर्षांवरची पानं वाऱ्याने एका बाजूला उडाल्यासारखी आहेत. पूर्वेकडे अफगाणिस्तानात, अमूदर्या आणि कोकचा यांच्या संगमावर, आय-खानूम इथे फ्रेंच उत्खननात कोरिंथियन खांब निघाले. पुढे गांधारात, जमालगढीच्या शीर्षांवर, पानांच्या मधोमध बुद्ध बसलेला आहे. ती शीर्षं आज ब्रिटिश संग्रहालयात आहेत. थडग्यावर उगवलेल्या पानात निर्वाणाचा उपदेश करणारा बुद्ध बसावा, याहून योग्य जागा ती कुठली?

थोडं विषयांतर करते. हे झाड आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. वनस्पतिशास्त्रात एका मोठ्या कुळाला याचंच नाव दिलेलं आहे, आणि त्या कुळात आपल्या अंगणातला अडुळसा येतो, कोरांटी येते, सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी येते आणि गजऱ्यातली अबोलीसुद्धा! कोकणात खाडीकाठच्या खारफुटीत मारांडी म्हणून काटेरी पानांचं झुडूप असतं, ते तर अकॅन्थसची सख्खी बहीणच. असो.

युरोपात प्रबोधनकाळात सगळ्यांनी व्हिट्रुव्हियस पुन्हा उघडला. पॅलाडिओसारख्यांनी पट्टी-कंपास घेऊन खांबांची मापं छापली, आणि ज्याने रोम कधी पाहिलं नाही तोही घरबसल्या कोरिंथियन खांब काढू लागला. १७६२ साली स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोघा इंग्रजांनी अथेन्सच्या इमारतींची मोजमापं घेऊन पहिला खंड छापला. त्यात लायसिक्रेटिसचा मनोरा होता, आणि मग त्या मनोऱ्याच्या नकला एडिंबरोच्या टेकडीपासून अमेरिकेत टेनेसीच्या विधानभवनाच्या माथ्यापर्यंत जाऊन बसल्या.

इथे माझ्या मनातला खरा मुद्दा येतो. या पुनरुज्जीवनांबद्दल दोन मतं नेहमी ऐकू येतात. एक म्हणतं, जुनं तेच सुंदर, तसंच्या तसं करा. दुसरं म्हणतं, उसनं पान कशाला, आपल्या मातीतलं पान लावा. दुसऱ्या मताच्या बाजूने दाखला द्यायचा तर इंग्लंडमधलं साउथवेल. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या चर्चच्या सभागृहात अनाम पाथरवटांनी अकॅन्थस बाजूला ठेवून आसपासच्या कुंपणांवरची पानं कोरली: ओक, मॅपल, द्राक्ष, आयव्ही, हॉथॉर्न. ती इतकी हुबेहूब, की आज झाड ओळखता येतं. पेव्हस्नर या कलेतिहासकाराने १९४५ साली नुसत्या या पानांवर एक छोटं पुस्तक लिहिलं.

दुसरा दाखला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा. बेंजामिन लॅट्रोब या वास्तुविशारदाने १८०९ च्या सुमाराला तिथल्या एका दालनात अकॅन्थसऐवजी मक्याची कणसं लावली. इटलीहून आणलेल्या फ्रांझोनी नावाच्या शिल्प्याने ती कोरली. काँग्रेसच्या सभासदांना ती इतकी आवडली, की बाकीच्या मोठ्या कामापेक्षा या कणसांनाच जास्त वाहवा मिळाली, असं लॅट्रोबने जेफरसनला कळवलं. इमारत १८१४ साली इंग्रजांनी जाळली, त्यानंतरच्या दुरुस्तीत त्याने आणखी एका दालनात तंबाखूची पानं लावली.

कल्पना छानच आहे. आपली शेती, आपलं पान! पण तंबाखू त्या देशात कुणाच्या हातांनी पिकत होता? गुलामांच्या. आणि ज्या इमारतीवर ती पानं लागली तिचे दगड काढण्यात, उचलण्यातही गुलाम होते. त्यांच्या मजुरीचे पैसे मालक घेऊन जात. एरेक्थिअनच्या हिशेबात गुलामाचं निदान नाव आणि काम यादीत आहे. तेव्हा 'आपल्या मातीतलं पान' हे ऐकायला गोड असलं, तरी ती माती कोण खणतंय हे विचारल्याशिवाय मी टाळ्या वाजवणार नाही.

आणि पहिलं मत, 'जुनं तेच लावा'? ते तर आता सरकारी फर्मानाच्या रूपात आलं आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये अध्यक्षांनी आदेश काढला, की केंद्र सरकारच्या इमारतींसाठी अभिजात आणि पारंपरिक शैलीला प्राधान्य द्यावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढच्या अध्यक्षांनी तो रद्द केला. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिले अध्यक्ष परत आल्यावर तसाच आदेश पुन्हा निघाला. मला स्वतःला त्या काचेच्या पेट्यांपेक्षा खांबाखांबांच्या इमारती जास्त आवडतात, हे मोकळेपणाने सांगते. पण आदेशाने खांब येतो, पान येत नाही. पान यायला कोरणारा लागतो, आणि कोरणारा तयार व्हायला बरीच वर्षं लागतात. त्याची सोय आदेशाने आधी करावी, मग शैलीचं बघावं.

माझ्या मते दोन्ही पक्ष एका गोष्टीकडे पाहतच नाहीत, आणि ती गोष्ट मला नॉर्वेत सापडली. (मी नॉर्वेला गेलेले नाही, पुस्तकांतच गेले.) तिथल्या कडाक्याच्या थंडीत अकॅन्थस रानात उगवायचा प्रश्नच नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओस्लोच्या मुख्य चर्चमध्ये अकॅन्थसच्या कोरीव कामाने मढवलेली वेदी आली. ती पाहून आतल्या खोऱ्यांतल्या खेडेगावचे सुतार ते पान लाकडात कोरायला लागले. त्यांतला याकोब क्लुकस्टाड (१७०५ ते १७७३) सगळ्यात नावाजलेला. लेस्या गावच्या चर्चमधलं त्याचं काम प्रसिद्ध आहे. या माणसांनी रोम पाहिलं नव्हतं, व्हिट्रुव्हियस वाचला नव्हता, आणि झाडाचं पान हातात धरलं नव्हतं. आणि तरी त्यांचं पान असं काही उसळतं, वळतं, एकमेकांत गुंततं, की बघत राहावं! गुडब्रान्सडाल खोऱ्यात ते कोरायला आजही शिकवतात. म्हणजे पान उसनं होतं, नकलेची नक्कल होतं, आणि तरी जिवंत आहे. का? तर प्रत्येक पान कुठे वळवायचं, हे ठरवायची मोकळीक कोरणाऱ्याच्या हातात होती. साउथवेलला तीच होती. शांतीच्या वेदीवरच्या बेडकालाही तीच होती.

मग साच्यातून काढलेल्या पानाचं काय? रस्किनने ओतीव लोखंडाच्या नक्षीला फसवणूक म्हटलं. मला ते फार कडक वाटतं. साचा काही नवा नाही; रोमन लोक मातीच्या भांड्यांवर साच्यातून अकॅन्थस उठवत, आणि आपल्या अगाथानोरचा मेणाचा नमुना तरी कशासाठी होता? न्यू यॉर्कची हॉवाउट इमारत (१८५७) आख्खीच्या आख्खी ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागाची आहे. तिथे कोरिंथियन खांबांच्या रांगाच रांगा आहेत, तरी ती देखणी आहे. कारण त्या ओतकामाच्या मागे लाकडात पहिला नमुना कोरणारा एक तरबेज हात होता.

आपल्याकडे मंगल कार्यालयांत, नव्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये जे फायबरचे आणि पीओपीचे खांब दिसतात, त्यांना हसायची सुशिक्षितांत पद्धत आहे. मी हसत नाही. मुलीच्या लग्नात चार खांब भारी दिसावेत ही इच्छा लायसिक्रेटिसच्या इच्छेपेक्षा काही वेगळी नाही, आणि खर्चही त्याच्यापेक्षा कमीच! पण जवळ जाऊन पान बघा. साच्यावरून साचा, त्यावरून आणखी साचा असं होत होत त्या पानाच्या शिरा गेलेल्या असतात, दाते बोथट झालेले असतात, आणि वरून सोनेरी रंगाचे थर. आठ पानांची जागा पाचांनी भागवलेली. पानाच्या दोन पाळ्यांमध्ये जी खोल फट असते, तिला इंग्रजी कारागीर 'डोळा' म्हणतात. सावली तिथेच पडते आणि सावलीमुळेच पान पान दिसतं. नेमका तो डोळाच बुजलेला असतो. उरतो तो पळीसारखा एक उंचवटा.

मुंबईत याच्या उलटं बघायचं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जावं. १८८८ साली पुरी झालेली ही फ्रेडरिक स्टीव्हन्सची इमारत. शैली गॉथिक, म्हणजे साउथवेलच्या घराण्यातली. तिथलं कोरीव काम सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं, आणि त्यात इथलीच पानंफुलं, इथलेच पशुपक्षी आले. दर्शनी भागावर जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांचे चेहरे कोरलेले आहेत, ते योग्यच आहे. युनेस्कोच्या यादीत ही इमारत २००४ साली गेली. सकाळी सव्वानऊला तिथे उभं राहून खांबावरचं पान बघायचं म्हणजे धक्के खायची तयारी हवी, म्हणून रविवारी जावं. आणि मान वर करून फक्त चेहरे न बघता खांबांचे माथे बघावेत.

फायबरचे खांब बनवणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती साच्यातूनच निघते. हजार मूर्ती एका साच्याच्या. पण तिथे मूर्ती तशीच्या तशी दुकानात जात नाही. डोळ्यांची आखणी हाताने होते, ती करणारा वेगळा असतो, आणि त्याचा मान कारखान्यात वेगळा असतो. खांबाचंही तेच करावं. साचा नवा करताना एकदा एखाद्या चांगल्या मूर्तिकाराकडून पान कोरून घ्यावं. अकॅन्थसच हवं असा हट्ट नाही, अबोलीचं चालेल, ती त्याच कुळातली. आणि खांब साच्यातून निघाला, की रंगाआधी एका माणसाने छिन्नी घेऊन पानांचे डोळे उघडावेत. सोळा पानांना फार तर एक दिवस लागेल. त्या दिवसाची मजुरी बिलात वेगळी दाखवावी, आणि समोर त्याचं नाव लिहावं.